चिंचेने घासलेले बिल्ले

सायकल चालवायला मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी शिकले आणि लिहायला त्याहूनही पुष्कळ उशिरा बसले. दोन्ही ठिकाणी तोल जाण्याची धास्ती सारखीच वाटते. म्हणून आरंभीच सांगून टाकते की, पुढील हकिकतीत माझा वाटा मुख्यतः एका चुकीचा आहे. जे काही सांगण्याजोगे आहे ते सायकली दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींचे आहे.

लढाईची वर्षे होती. मी नगरला एका मिशन शाळेत मुलींना मराठी आणि भूगोल शिकवीत असे. पारनेरच्या रस्त्यावर पाच मैलांवर एका गावात आमची एक लहानशी शाखा होती आणि आठवड्यातून दोनदा तिथे कोणीतरी जाऊन पोरांची पाटी-पुस्तके पाहणे आवश्यक होते. टांगेवाले त्या खडीच्या रस्त्याला घोडा घालायला तयार नसत. विलायतेला परत गेलेल्या एका मडमेची सायकल शाळेच्या कोठीत पडून होती. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी एके दिवशी ती सायकल माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाल्या की, हिला चाके आहेत आणि तुम्हाला पाय आहेत, तेव्हा यापुढे अडचण राहू नये. मोठ्या बाईंना नाही म्हणण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी कधीच नव्हते.

सायकल हाताने ढकलत मी माळीवाड्याकडून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात नेली. दुकान कसले, दोन भिंतींच्या मधली एक बोळच होती. तिच्यात पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्याला फडके गुंडाळलेले मिस्त्री उकिडवे बसून एका चाकाच्या तारा ताणत होते. त्यांचे मूळ गाव मिरजगावाच्या बाजूला. तरुणपणी कामाच्या शोधात नगरला आले आणि कॅम्पातल्या पलटणीच्या सायकली दुरुस्त करता करता हा हुन्नर शिकले. माझी सायकल त्यांनी नुसती उलटी केली, मागचे चाक फिरवले आणि कान लावून ऐकले. मग म्हणाले, "यंत्र नामी हाय. बसनारं मानूस कोन?" मी जमिनीकडे पाहून स्वतःचे नाव सांगितले.

मला शिकवले ते खरे तर त्यांच्या पत्नीने. परपुरुषाने बाईमाणसाची सायकल धरून मागे पळणे बरे दिसले नसते, आणि त्या बाईंना तर स्वतःला चालवता येत नव्हते. तरीही दुकानामागच्या मोकळ्या मैदानात त्या माझे सीट धरून धावत आणि मिस्त्री भिंतीशी उभे राहून सूचना देत. सूचना एकच असे, पुढे बघा. त्यांच्या पत्नीची सूचना निराळी होती. "एकदा पडाच की, मास्तरीनबाई," त्या म्हणत, "म्हंजी भ्या तरी जाईल, आन् माजं कंबरडंबी वाचंल." मी चार वेळा पडले, आणि पाचव्या दिवशी मैदानाला पूर्ण फेरी मारली.

या शिकण्याच्या दिवसांत त्या बोळीत माझे बरेच बसणे झाले आणि मिस्त्रींचा खजिना हळूहळू माझ्या दृष्टीस पडला. लढाईमुळे विलायती माल येणे बंद झाले होते. व्हॉल्वची रबरी नळीसुद्धा जपून वापरावी लागे. अशा काळात या माणसाकडे काय काय होते! एका दोरीवर ओळीने घंट्या टांगल्या होत्या. कोणी एकदाच टिंग करणारी, कोणी फिरकी घेतल्यासारखी लांब किणकिणणारी, कोणी दोन वाट्यांची. गिऱ्हाईक नसले की ते एकेक वाजवीत आणि ती कोणत्या सायकलीवर शोभली असती ते सांगत. कार्बाइडच्या पांढऱ्या खड्यांवर पाण्याचे थेंब पाडून पेटणारा एक दिवा होता; तो पेटला की वासाने जीव नकोसा होई, पण उजेड दुधासारखा पडे. नगरपालिका दरवर्षी सायकलीच्या कराबद्दल धातूचा जो बिल्ला देई, त्याचा आकार दर साली बदलत असे. गोल, चौकोनी, पानासारखा, ढालीसारखा. हे जुने बिल्ले लोक फेकून देत, मिस्त्री उचलून ठेवीत. चामड्याची हत्यारांची पाकिटे, विजारीचा पायचा आवळायच्या पोलादी पट्ट्या, तेलाच्या लहानग्या कुप्या, ज्यांचे नाक चिमणीच्या चोचीएवढे होते. यांतले काहीही विक्रीला नव्हते. कोणी मागितले तर मिस्त्री ऐकू आले नाही असे दाखवीत.

परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे मागच्या भिंतीवरची फळी. ती एका जुन्या दाराची फळी होती. सायकलीच्या हँडलखाली, पुढच्या जाड नळीवर कारखान्याच्या नावाचा पितळी बिल्ला बसवलेला असतो. माणसाच्या कपाळाच्या जागी असतो म्हणून मिस्त्री त्याला कपाळ म्हणत. एखादी सायकल अगदी कामातून गेली, सांगाडा मोडीत निघाला, की मिस्त्री तिचे कपाळ तेवढे काढून घेत आणि दोन बारीक स्क्रूंनी त्या फळीवर बसवत. अशी एकेचाळीस कपाळे तिथे होती. कोणावर दीपगृह, कोणावर मधमाश्यांचे पोळे, कोणावर धूमकेतू, कोणावर उड्या घेणारे हरीण. आणि रंग! पितळेच्या खोबणीत भरलेले हिरवे, तांबडे, निळे, काळे रंग कुठे उडालेले, कुठे तेलाने काळवंडलेले, तरी लांबून पाहणाऱ्याला ती फळी जत्रेतल्या दुकानासारखी भासे. मी आजवर पुष्कळ संग्रहालये पाहिली नाहीत, हे कबूल करते. पण एका माणसाने कोणी न सांगता, कोणाला दाखवण्याचा हेतू न धरता इतक्या निष्ठेने जमवलेले असे काही मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

फळीच्या मधोमध एक मोठी घंटा ठोकलेली होती आणि कपाळे तिच्याभोवती वेड्यावाकड्या ओळींनी पसरलेली होती. ती तशी का लावली आहेत, हे मी विचारले नाही. एवढी सुंदर वस्तू आणि तिला काही क्रम नाही, याची मला मनातून हळहळ वाटे.

त्या वर्षी नाताळच्या आधी शाळेत एक प्रदर्शन भरवायचे ठरले. मुलींचे विणकाम, चित्रे, रांगोळ्या, आणि त्याबरोबर गावात कोणाकडे काही पाहण्यासारखे असेल ते. मोठ्या बाईंनी एक मेज माझ्याकडे सोपवले. मी मिस्त्रींची कपाळे मागितली. फळी भिंतीत खिळलेली असल्यामुळे कपाळे सुटीच न्यावी लागणार होती. मिस्त्री बराच वेळ चेन साफ करीत राहिले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या की, एवढी शिकलीसवरलेली बाई मागते आहे, ती काय खाणार आहे का तुमची ती पत्र्याची पिलावळ! शेवटी मिस्त्रींनी स्क्रू काढले, एकेक कपाळ जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळले आणि पिशवी माझ्या हवाली केली. "परत लावाया मला येळ लागनार न्हाई," ते म्हणाले. "समदी तोंडपाठ हायत."

इथून पुढे माझी चूक सुरू होते, आणि ती मी अत्यंत सद्भावनेने केली. आमच्या घरी नाताळच्या आधीच्या शनिवारी पितळ घासण्याची रीत होती. समया, घंगाळ, पाण्याचे हंडे, सगळे अंगणात येई. चिंच भिजत घालायची, तिच्या कोळात भांडी माखून ठेवायची आणि मग राखेने व नारळाच्या काथ्याने सोन्यासारखी होईपर्यंत घासायची. कोणाची वस्तू घरी आली तर ती घासूनपुसून परत करावी, असे आईचे वळण. माझ्यासमोर ती एकेचाळीस कपाळे होती. त्यांच्यावरची अक्षरे रंगाच्या आणि तेलाच्या पुटाखाली अर्धवट बुजली होती आणि पाहुण्यांना कारखान्यांची नावे वाचता येणार नाहीत, ही काळजी मला लागली होती. मी ती चिंचेच्या कोळात भिजवली. दुपारभर घासली. रंग निघत होते, हे मला दिसत नव्हते असे नाही. मला तो मळच वाटला. संध्याकाळपर्यंत एकूण एक अक्षर स्पष्ट झाले. मग मी नावांच्या वर्णानुक्रमाने ती मेजावर मांडली आणि प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लिहिली. कारखाना अमुक, देश तमुक.

प्रदर्शन दोन दिवस होते. माझ्या मेजाची वाखाणणी झाली. मोठ्या बाईंनी पाहुण्यांना आवर्जून तिथे आणले आणि कोणी तरी म्हणाले की, सायकलीसारख्या क्षुद्र वस्तूतही किती शिस्त असू शकते! दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आले. धुतलेले धोतर, पांढरा सदरा, डोक्याला नवे फडके. सोबत त्यांच्या पत्नी. ते प्रत्येक मेजापाशी हात मागे बांधून थांबत थांबत माझ्या मेजाशी आले. तिथे पुष्कळ वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे विचारले,

"बाई, माजी कपाळं कुठं ठेवलीत?"

मी म्हटले, हीच ती.

त्यांनी पुन्हा मेजाकडे पाहिले. त्यांच्या पत्नीने वाकून न्याहाळले आणि त्या खुदकन हसल्या. "आगं बया! ही तर समदी एका आईची लेकरं दिसाया लागली." मग नवऱ्याच्या तोंडाकडे लक्ष गेले तसा त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी घाईघाईने चिठ्ठ्यांकडे बोट केले. प्रत्येकाखाली नाव आहे, मिस्त्री, मुळीच घोटाळा होणार नाही, असे काहीतरी मी बोलले. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, उजेडाकडे धरली आणि जागच्या जागी ठेवली.

"मला वाचाया येत न्हाई, बाई. आन् ह्याच्यात कंपनीचं नाव आसंल. मला कंपनी कशाला पायजे? चितरं बी कैकांची येकच. कुनाची सायकल व्हती, त्ये मी रंगावरनं वळखत व्हतो."

त्या दुपारी मला कळले ते असे. त्या फळीवर वेड्यावाकड्या ओळी नव्हत्या. ते रस्ते होते. मधली घंटा म्हणजे नगर. वर डावीकडे जाणारी ओळ संगमनेरचा रस्ता, तिच्या खालची पारनेरचा, उजवीकडे खाली उतरणारी मिरजगावचा. जी सायकल ज्या रस्त्यावर आयुष्यभर चालली, तिचे कपाळ त्या रस्त्यावर, आणि तिचा धनी जिथवर जाई तितक्या अंतरावर. हिरवे कपाळ म्हणजे तारा तपासणारा लाइनमन, तांबडे-काळे म्हणजे चाकात फार हवा भरून घेणारे वकील, निळ्या पट्ट्याचे म्हणजे झगा वर खोचून खेडोपाडी जाणारे पाद्री, पिवळे म्हणजे दोन्ही बाजूंना दुधाच्या चरव्या बांधणारा गवळी. चाळीस-एक माणसे आणि त्यांची सगळी ये-जा त्या माणसाने एका दारावर मांडली होती. आणि मी, भूगोल शिकवणारी, रोज त्या नकाशासमोर बसून त्याला क्रम नाही म्हणून हळहळत होते.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दुकानात जाताना माझे पाय दोनदा मागे फिरले. मिस्त्रींनी मला बोल लावला असता तर बरे वाटले असते. त्यांनी जमिनीवर गोणपाट अंथरले, कपाळे त्यावर ओतली, डोळे मिटले आणि एक उचलले. अंगठा पाठीवरून फिरवला. "कानस लागलीया हितं. ह्यो वकील, त्येंच्या कपाळाचा स्क्रू गंजला व्हता, मीच कापला." दुसरे उचलले. याचा कोपरा दुमडलेला, हा चरवी आपटून दुमडला. तिसऱ्याच्या भोकाभोवती चीर. मी जवळच बसून प्रत्येकाच्या मागे त्यांनी सांगितलेले खडूने लिहीत गेले. ज्या रंगाला मी मळ समजले होते तो गेला होता, पण त्या बोटांना धातूची पाठ ठाऊक होती. दिवेलागणीपर्यंत बत्तीस कपाळे आपापल्या धन्याकडे पोचली. ते पाहताना माझी शरम क्षणभर विसरून मी केवळ थक्क होऊन बसले होते, हे मान्य केले पाहिजे.

नऊ उरली. ती घेऊन मी पुढच्या दोन-तीन महिन्यांत गावात विचारत हिंडले. मी, जी दुकानदाराकडे सुट्टे परत मागायला लाजत असे, ती अनोळखी माणसांच्या दारात सायकल उभी करून विचारू लागले की, तुमच्या घरी कधी अशी सायकल होती का? लाइनमनच्या मुलाने बापाचे ओळखले. एका पेन्शनर कंपौंडरने आपले पाहून डोळ्यांना पंचा लावला. अशी सात लागली.

दोन लागली नाहीत. आणि फळीवर जागाही दोनच उरल्या होत्या. मिस्त्रींना धनी ठाऊक होते. एक संगमनेरच्या पुढे डोंगराकडे जाणारा जंगलखात्याचा गार्ड, जो वारला होता आणि ज्याच्या घरचे कोठे गेले ते कोणास माहीत नव्हते. दुसरी मिरजगावाकडची एक नर्स. तिची सायकल तिच्या भावाने मोडीत आणून टाकली होती, तिला स्वतःला मिस्त्रींनी कधी पाहिले नव्हते. दोन कपाळे, दोन जागा. दोन्हींची पाठ गुळगुळीत, दोन्ही एकाच मापाची, एकाच चित्राची. फक्त कोणते कुठले, हे त्यांना सांगता येईना. गार्डाचे निळे होते आणि नर्सचे तांबडे, एवढेच त्यांना आठवे, आणि ते रंग माझ्या अंगणातल्या मोरीतून वाहून गेले होते.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लावा की कसंबी. कोन बघाया येतंय?"

"मीच बघतो ना रोज," मिस्त्री म्हणाले.

दोन्ही जागा त्यांनी तशाच ठेवल्या. गिऱ्हाईक आले की त्यांचे लक्ष तिकडे जाई आणि पुन्हा हातातल्या कामाकडे वळे. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही; पण ती फळी पुरी झाल्याशिवाय मला त्या बोळीत सुखाने बसता येणार नव्हते, हे मला कळून चुकले होते. तेव्हा मेच्या सुटीत मी ती दोन्ही कपाळे रुमालात बांधली आणि सर्व्हिस मोटारने मिरजगावला गेले.

नर्सबाईंचे घर शोधायला कष्ट पडले नाहीत. त्या टापूतली निम्मी माणसे त्यांच्याच हातून जगात आली होती. साठीच्या, उंच, काळ्यासावळ्या, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेल्या अशा त्या भावाच्या ओसरीवर शेंगा फोडीत बसल्या होत्या. मी आले त्याचे कारण चाचरत सांगितले. कारण इतके चमत्कारिक होते की सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसेना. त्यांनी आधी मला पाणी दिले आणि मग माझी चौकशी केली. मला सायकल येते हे ऐकून त्यांनी विचारले की, कसली, बायकांची का? मी हो म्हणाले. "मी दांड्याचीच चालवली," त्या म्हणाल्या. "कासुटा आसला की दांड्याचं काय भ्या? तुमचं ह्ये गोल पातळ, त्येला बायकांचीच पायजे." नगर जिल्ह्यात सायकलीवर बसणारी पहिली देशी बाई आपणच असू, असा एक लहानसा अभिमान मी आतल्या आत बाळगून होते. तो त्या ओसरीवर निमूटपणे उतरवून ठेवला.

मी रुमाल सोडला. त्यांनी दोन्ही कपाळे तळहातावर घेतली आणि क्षणाचाही विलंब न लावता एक माझ्यापुढे सरकवले.

"ह्ये न्हाई. ह्ये माजं."

मी विचारले, कशावरून?

त्यांनी हातात राहिलेले कपाळ तिरके धरले. वरच्या कडेपासून मधल्या चित्रापर्यंत एक बारीक, तिरपी, गुळगुळीत खोबण गेली होती. मी ती घासताना पाहिली होती आणि कारखान्याचीच कलाकुसर समजले होते. "कंदील टांगायची मी हँडलाला," त्या म्हणाल्या. "बाळंतपन काय दिवस बघून येतं व्हय? ती कंदिलाची तार ह्येच्यावर घासायची. अठरा वर्सं घासली." असे म्हणून त्यांनी त्या खोबणीत नख बसवले. ते बरोबर बसले.

मग त्यांनी शेंगांची टरफले सुपात गोळा केली. शेवटी म्हणाल्या, "सायकल इकली तवा मी हितं नव्हते. आले तर जागा रिकामी. भावानं चांगल्यासाठीच केलं, म्हनला, आता वय झालं. बाई, एवढं माज्यापाशी ऱ्हाऊ द्याल का?"

माझ्या आयुष्यात मला इतके अवघड कोणी काही विचारले नसेल. ज्या कपाळासाठी मी इतक्या दूर आले, ज्याच्यावाचून मिस्त्रींची फळी अपुरी होती आणि जी माझ्याच हाताने अपुरी झाली होती, तेच त्या मागत होत्या. आणि त्यांच्याइतका त्यावर कोणाचाच हक्क नव्हता. हो म्हणण्याचा मला अधिकार नव्हता आणि नाही म्हणण्याचे धैर्य. मी कसेबसे म्हटले की, ते माझे नाही, मिस्त्रींना विचारले पाहिजे. त्यांनी ते लगेच रुमालात ठेवले. "विचारा तर," म्हणाल्या. "न्हाई म्हनला तरी राग न्हाई. इतकी वर्सं जपलं त्यानं."

परत येताना मोटारीत सारा वेळ माझ्या मनात एक हलका विचार डोकावत होता, आणि तो मी इथे लपवीत नाही. खोबणीची गोष्ट सांगावी, कपाळ द्यावे, फळी पुरी व्हावी आणि त्यांच्या मागण्याबद्दल बोलूच नये. त्यांना राग येणार नव्हता, त्यांनीच तसे सांगितले होते. पण दुकानात शिरले आणि मिस्त्रींनी डोळे वर केले, तेव्हा मी सगळेच सांगितले.

त्यांनी गार्डाचे कपाळ त्याच्या जागी बसवले. मग नर्सबाईंचे घेतले, खोबणीवरून अंगठा फिरवला, आणि जन्मभर सोबत असलेली गोष्ट प्रथमच समजावी तसे हसले. तेही बसवले. दोन्ही स्क्रू आवळले. एकेचाळीसच्या एकेचाळीस. ते चार पावले मागे सरकून फळीकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या पत्नी मागच्या दारातून येऊन पाहून गेल्या. मी रुमाल घडी करून घेतला. माझे तिथले काम संपले होते.

दोन दिवसांनी दुकान बंद दिसले. मिस्त्रींचे दुकान बंद पाहण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. त्यांच्या पत्नीने सांगितले की, मोटारने जा म्हटले तर ऐकले नाही. सायकलीवर गेले आहेत, मिरजगावला. तीस-पस्तीस मैल, मे महिना, आणि वय पन्नाशीच्या पुढचे. "त्या बाईच्या हातात आपल्या हातानं द्यायचं म्हनं," त्या म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर मिस्त्री फळीसमोर उभे होते. तोंड उन्हाने करपलेले, ओठ फुटलेले. मिरजगावच्या रस्त्यावरची नर्सबाईंची जागा रिकामी होती. दोन स्क्रूंची दोन बारीक भोके तेवढी दिसत होती. त्यांच्या हातात मात्र गिरमिट होते आणि ते फळीवर बोटाने अंतर मोजत होते. मी विचारले, आता काय?

"चुकलंच व्हतं माजं," ते म्हणाले. "मी तिला मोटाररस्त्यावर लावली व्हती. ती कुठली त्या रस्त्यानं जातीया! तिचं समदं आतल्या गाडीवाटंनं, ह्या वस्तीवरनं त्या वस्तीवर. काल समदं दाखवलं तिनं मला."

मी म्हटले, पण मिस्त्री, कपाळ तर तुम्ही देऊन आलात. आता तिथे लावणार काय?

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, विचारले नसते तर बरे झाले असते असे मला वाटले. मग रस्त्याच्या ओळीपासून चार बोटे आत, जिथे आजवर काहीच नव्हते अशा ठिकाणी, त्यांनी गिरमिट टेकवले आणि जपून तिच्या नावाची दोन भोके पाडली. भुसा फुंकला. जुन्या जागेची दोन भोके त्यांनी मेणाने बुजवून टाकली.